मुंबई ते लंडन किती लांब, किती तास: कॅल्क्युलेटरच्या कामाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५

आजपासून नोंदी ठेवतेय, म्हणजे कुठला आकडा कुठून आला ते पुढे शोधत बसायला नको. काम तसं छोटं आहे. मराठीत दोन शहरांची नावं टाकायची, की मधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ समोर यायला हवा. अशी पानं इंग्रजीत ढिगाने आहेत, पण त्यातली बरीचशी अंतराला एका ठरलेल्या वेगाने भागतात आणि "८ तास १ मिनिट" असं छापून मोकळी होतात, आणि ते एक मिनिट बघून वाचणाऱ्याला वाटतं की केवढा अचूक हिशोब आहे.

मला हे जमवायचंय ते आपल्याकडच्या आई-बाबांसाठी. मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीला, आणि साठी उलटलेली माणसं पहिल्यांदाच दोघंच विमानात बसणार असतात. इन्सुलिन किती वाजता घ्यायचं, उतरल्यावर तिकडे रात्र असेल की दुपार, घ्यायला येणाऱ्याने घरून कधी निघायचं, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. तो आकडा खरा असला पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

मुख्य नमुना मुंबई–लंडन धरतेय कारण या एका जोडीत जवळजवळ सगळ्या भानगडी येतात.

१३ सप्टेंबर

अंतराचं काम झालं. हॅवरसाइनचं सूत्र पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किमी धरली. हे सूत्र गोलाच्या पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर देतं, म्हणजे पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल ती वाट. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर फसायला होतं, कारण रेखांशांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किमी, मुंबईच्या अक्षांशावर तोच १०५ आणि लंडनला पोचेपर्यंत फक्त ६९ किमी. वर जाल तशा रेघा जवळ येत जातात, म्हणून उत्तरेकडे वळसा घालून जाणारी वाट नकाशावर लांब दिसते पण प्रत्यक्षात तीच जवळची असते. मुंबई–लंडनला सपाट नकाशावरची सरळ रेघ साधारण ७४१० किमी भरते आणि खरी जवळची वाट ७२१३ किमी, म्हणजे दोनशे किमीचा फरक.

बाकी जोड्या तपासल्या त्या अशा: मुंबई–दिल्ली ११३८, मुंबई–नागपूर ६८३, पुणे–दिल्ली ११५७, मुंबई–पुणे १२४. सगळे विमानतळ ते विमानतळ.

पृथ्वी खरं तर अगदी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे (विषुववृत्ताची त्रिज्या ६३७८.१ किमी, ध्रुवाकडची ६३५६.८), त्यामुळे गोल धरून केलेल्या हिशोबात फरक पडतो, पण तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. जास्त अचूक हवं तर १९७५ची विन्सेंटीची पद्धत आहे. याचा आपल्याशी जुना संबंध आहे, लॅम्बटनने १८०२ला मद्रासहून जी मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि एव्हरेस्टने पुढे नेली, त्यातूनच १८३०चा एव्हरेस्ट लंबगोल (पृथ्वीच्या चपट्या आकाराचं माप) आला आणि भारताचे नकाशे पुढे कितीतरी वर्षं त्यावरच काढले गेले. आता जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाचा नवा लंबगोल वापरतं. माझ्या कामाला साधा गोल पुरेल, कारण वेळेचा हिशोब ज्या गोष्टींनी हलतो त्या यापेक्षा खूप मोठ्या आहेत.

२० सप्टेंबर

शहरांच्या नावांची यादी. विमानतळांचे अक्षांश-रेखांश अवरएअरपोर्ट्सच्या खुल्या डेटामधून घेतले, मराठी नावं मात्र स्वतः टाकावी लागली. माणसं जसं टाइप करतात तसं सगळं चाललं पाहिजे: मुंबई, मुम्बई, बॉम्बे. नाशिक आणि नासिक. छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद दोन्ही एकाच विमानतळावर गेले पाहिजेत, नाहीतर जुन्या नावाने शोधणाऱ्याला रिकामं पान दिसेल.

गोव्याचं वेगळंच. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू. मुंबईहून दाबोळी ४२५ किमी आणि मोपा त्याहून पस्तीस-चाळीस किमी अलीकडे. नुसतं "गोवा" टाकलं तर दोन्ही दाखवायचे असं ठरवलं, कारण उतरल्यावर पणजीला जायचंय की मडगावला यावर टॅक्सीचा सगळा हिशोब बदलतो. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी, साउथएंड असे सहा आहेत. तूर्तास हीथ्रो.

साताऱ्यासारख्या ठिकाणी विमानतळच नाही, तिथे "जवळचा विमानतळ पुणे" असं दाखवून तिथून पुढे मोजायचं.

२७ सप्टेंबर

आज नकाशावर रेघ काढली आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत बसले.

मुंबईहून लंडनची जवळची वाट निघते वायव्येला, उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण ४१ अंश. या दिशेने गेलं की पहिलं मोठं शहर लागतं ते कराची, रेघ जवळपास त्याच्या डोक्यावरूनच जाते. मग पूर्व इराण. बरोबर मध्यबिंदू काढला तो ४१.१ उत्तर, ४४.९ पूर्व, म्हणजे जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेवर, तिबिलिसीच्या थोडं खाली. मुंबई आणि लंडनच्या बरोबर मध्ये कॉकेशसचे डोंगर आहेत हे मला माहीत नव्हतं, मी आपलं दुबई-इस्तंबूलच्या बाजूचं काहीतरी धरून चालले होते. तिथून पुढे काळा समुद्र, मग युक्रेन, तीन चतुर्थांश वाट संपते तिथे आपण पश्चिम युक्रेनवर असतो, आणि शेवटी जर्मनी-नेदरलँड्सकडून इंग्लंड.

म्हणजे भूमितीने काढलेली सगळ्यात जवळची वाट कराचीवरून आणि युक्रेनवरून जाते. आज भारतीय विमानाला यातलं काहीच मिळत नाही.

४ ऑक्टोबर

बंद आकाशाचा हिशोब. पूर्ण वीकेंड यातच जाणार असं दिसतंय.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना २४ एप्रिल २०२५ला बंद केलं, पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, आणि तेव्हापासून त्या बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली जातेय. २०१९लाही असंच झालं होतं, फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत. इतर देशांच्या कंपन्यांना ही बंदी लागू नाही, त्यामुळे एकाच दिवशी मुंबईहून लंडनला निघालेली दोन विमानं कंपनी कुठली त्यावरून वेगवेगळ्या वाटेने जाऊ शकतात. कॅल्क्युलेटरला अंतर एकच ठाऊक असतं, त्याला हे कसं कळणार.

मग मी मधले थांबे धरून मोजलं. हे थांबे फक्त हिशोबासाठी, विमान तिथे उतरत नाही. मुंबईहून अरबी समुद्रावरून मस्कत १५९० किमी, मस्कत ते हीथ्रो ५८३३ किमी, बेरीज ७४२३. सरळ वाटेपेक्षा जेमतेम २१० किमी जास्त. वेळेत पंधराएक मिनिटं. मस्कतहून पुढची रेघ इराण, तुर्कस्तानचा उत्तर किनारा, रोमानिया अशी जाते, त्यामुळे युक्रेनही टळतं. मुंबईला बंदीचा फटका एवढाच बसतो.

दिल्लीचा आकडा काढला आणि पुन्हा एकदा तपासला, एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. दिल्ली–लंडन सरळ ६७३१ किमी, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ पाचशे किमी कमी. पण दिल्लीहून पश्चिमेला निघालं की लगेच पाकिस्तान, म्हणून आधी खाली गुजरातपर्यंत यायचं आणि मग समुद्रावर. दिल्ली–अहमदाबाद–मस्कत–लंडन अशी बेरीज केली तर ८०५६ किमी. तेराशे किमीहून जास्त वळसा, जवळजवळ दीड तास. नकाशावर लंडनला जवळ असलेली दिल्ली उडायला गेलं की मुंबईपेक्षा सहाशे किमी लांब पडते! हे पानावर ठळक दाखवायचंच, कारण "दिल्लीहून गेलं तर लवकर पोचतो" म्हणून आधी दिल्लीला जाणारे लोक मी बघितलेत.

बोईंग ७८७ सारखं विमान ताशी साधारण पाच टन इंधन पितं. दीड तास म्हणजे सात टनांच्या वर, आणि ते सात टन वाहून न्यायला पुन्हा इंधन. एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन १ सप्टेंबरपासून थांबवली त्याच्या कारणांमध्ये हा वळसाही होता. इंडिगोला एप्रिलमध्येच अल्माटी आणि ताश्कंद बंद करावं लागलं कारण वळसा घालून ती शहरं त्यांच्या छोट्या विमानांच्या टप्प्यात राहिली नाहीत. दिल्लीहून ताश्कंद तसं बघितलं तर किती जवळ.

कोडमध्ये आता प्रत्येक जोडीला दोन अंतरं: "सरळ रेषेत" आणि "सध्याच्या वाटेने".

८ ऑक्टोबर

आज नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानं सुरू व्हायला अजून वेळ आहे पण यादीत टाकून ठेवला, कोड एनएमआय. लंडनच्या हिशोबाने सध्याच्या विमानतळापेक्षा वीसेक किमी लांब, हवेत दीड मिनिट सुद्धा नाही. पनवेल-पुण्याच्या माणसाला घरापासूनचा वेळ मात्र चांगलाच वाचेल.

१२ ऑक्टोबर

ओळखीचे एक काका आहेत, विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होते, आता रिटायर झालेत. डिस्पॅचर म्हणजे जमिनीवर बसून त्या दिवशीची वाट, उंची आणि इंधन ठरवणारा माणूस. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले.

"काका, मुंबई–लंडनला किती वेळ धरायचा?"

"अगं, महिना कुठला, दिशा कुठली, विमान कुठलं, हे आधी सांग. मग मी सांगतो."

तासभर बोलले आणि मी लिहीत राहिले. तिकिटावर जो वेळ असतो तो ब्लॉक टाइम. चाकांचे चोक्स (चाकांना लावलेले अडसर) काढून विमान गेटवरून हललं तिथपासून ते पलीकडच्या गेटवर चोक्स लागेपर्यंत. म्हणजे रनवेपर्यंतचं रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणं, सगळं यात. हवेतला वेळ वेगळा. मुंबईला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालतो, आणि गर्दीच्या वेळी नुसतं निघायलाच वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. हीथ्रोला उलटं, तिथे पोचल्यावर थांबायचं. शहराच्या चार बाजूंना बोव्हिंगडन, लँबोर्न, ऑकम, बिगिन असे चार होल्डिंग स्टॅक आहेत, तिथे विमानं एकावर एक थरांमध्ये घिरट्या घालत नंबर यायची वाट बघतात.

वेगाचं त्यांनी छान समजावलं. एअरबसचं ए-३२० मॅक ०.७८ने (म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट) जातं, ७८७ मॅक ०.८५ने. वर ११ किमीच्या पुढे तापमान उणे ५६ च्या आसपास असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी १०६० किमी, म्हणून ए-३२० साधारण ८३० आणि ७८७ साधारण ९००. एटीआर ७२ ला पंखे असतात, ते ५०० च्या आसपास. चढताना आणि उतरताना हा वेग मिळत नाही. "पहिली वीस आणि शेवटची पंचवीस मिनिटं तू त्या ९०० वर मोजूच नकोस," असं म्हणाले.

उंचीचाही नियम आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार फूट (३६, ३८), पूर्वेकडे येणाऱ्यांना विषम (३५, ३७, ३९), म्हणजे समोरासमोर येणारी विमानं वेगळ्या थरात राहतात. आणि इंधन फक्त लंडनपुरतं नाही, लंडनला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, वर आणखी अर्धा तास घिरट्यांचं. हे सांगताना काकांचा आवाज एकदम कामावरच्यासारखा झाला, इतकी वर्षं रोज रात्री हेच केलेलं.

घरी येऊन सूत्र बसवलं: वाटेचं अंतर भागिले वेग, अधिक जमिनीवरची ४० मिनिटं. देशातल्या उड्डाणांना सरळ अंतरावर ५ टक्के जास्त, कारण वाटा कधीच अगदी सरळ नसतात. मुंबई–नागपूर दीड तास आलं, मुंबई–दिल्ली २ तास ६ मिनिटं. वेळापत्रकात दिल्लीला बहुतेक वेळा याहून थोडं जास्त दिसतं. ते मुद्दाम धरलेलं असतं, पंधरा मिनिटांच्या आतला उशीर आपल्याकडे वेळेवरच मोजतात आणि कंपन्या त्यासाठी हात राखून वेळ लावतात.

१५ ऑक्टोबर

आजची तारीख बघून थोडं विषयाबाहेर लिहिते, पण फार बाहेर नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ हे छोटं विमान घेऊन सकाळी निघाले, अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. सोबत टपालाची पोती. ते टपाल लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेलं होतं. म्हणजे लंडन–मुंबई हवाई टपालाचा शेवटचा टप्पा कराची–मुंबईच होता. परवा माझ्या रेघेवर पहिलं शहर कराची आलं ते उगाच नाही, वाट तिथूनच आहे. त्यांची वाट मी मोजली, कराची–अहमदाबाद–जुहू सुमारे १०३५ किमी. पस मॉथ ताशी १६० किमीच्या आसपास उडायचं, तेव्हा हवेतच साडेसहा तास.

एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं मुंबई–लंडन उड्डाण ८ जून १९४८चं. "मलबार प्रिन्सेस" नावाचं कॉन्स्टेलेशन विमान, ३५ प्रवासी, कैरो आणि जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. अंतर तेच. महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापनाही १९३२ची, जेआरडींच्या उड्डाणाच्या वर्षातली. त्या मंडळातली सुरुवातीची माणसं बोटीने गेली असणार, आणि घरून आलेलं पत्र पहिल्यांदा इतक्या लवकर हातात पडलं असेल तेव्हा काय वाटलं असेल. हा मजकूर पानावर एका छोट्या चौकटीत टाकणारे.

२३ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होतं. आज भाऊबीज, सगळे जमले होते, आणि आईने तिकीट पुढे केलं. आत्याकडे लंडनला डिसेंबरमध्ये जायचंय तिला.

"हे बघ, दुपारी दीडला निघतं आणि संध्याकाळी साडेसहाला पोचतं. पाचच तास तर आहेत, तू दहा काय म्हणतेस?"

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून पाच अधिक साडेपाच, साडेदहा तास. परतीचं रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईत: घड्याळात साडेचौदा तास, त्यातून साडेपाच वजा, ९ तास. आईला कागदावर मांडून दिलं आणि तिला लगेच पटलं. तिचा पुढचा प्रश्न मात्र मलाच पुढचं काम देऊन गेला: "जाताना साडेदहा आणि येताना नऊ, असं का? रस्ता तर तोच ना?"

पानावर आता "तिकिटावरच्या वेळा टाका, खरा प्रवास किती ते बघा" असा वेगळा चौकोन करणार. लोकांना याची गरज अंतरापेक्षा जास्त आहे.

२६ ऑक्टोबर

ब्रिटनमधली घड्याळं आज पहाटे एक तास मागे गेली. कालपर्यंत फरक साडेचार तास होता, आजपासून साडेपाच. विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रकही आजपासूनच सुरू, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं. फरक कोडमध्ये हाताने लिहायचा नाही, टाइमझोनच्या डेटाबेसमधूनच घ्यायचा, तारखेप्रमाणे तो आपोआप बरोबर येतो. टेस्टला आजची आणि कालची तारीख टाकून बघितली, दोन्ही बरोबर.

२ नोव्हेंबर

वारा. आईच्या प्रश्नाचं उत्तर.

आपल्या उत्तरेला हिवाळ्यात साधारण २५ ते ३० अंश अक्षांशावर, बाराएक किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, उपोष्ण पश्चिमी जेट. ताशी दीडशे-दोनशे किमी असणं त्याला नवीन नाही. इराण-तुर्कस्तानवरही तोच पट्टा. लंडनला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीवर. पूर्ण वाटेवर सारखा जोर नसतो, काही ठिकाणी तर आडवा असतो, म्हणून सरासरी ताशी ७० किमी धरून हिशोब केला. अंतर ७४०० किमी, वेग ९००:

जाताना ७४०० भागिले ८३०, म्हणजे ८ तास ५५ मिनिटं. येताना ७४०० भागिले ९७०, म्हणजे ७ तास ३८ मिनिटं. दोन्हीकडे जमिनीवरची ४० मिनिटं मिळवली तर साडेनऊच्या वर आणि सव्वाआठच्या वर. सव्वा तासाहून जास्त फरक नुसत्या वाऱ्याचा! तिकिटावर दोन्हीकडे यापेक्षा थोडं जास्त दिसतं कारण हीथ्रोच्या घिरट्या आणि हात राखून धरलेला वेळ.

एक गोष्ट मला फार आवडली. जाताना जेवढं नुकसान तेवढा येताना फायदा, असं होत नाही. वारा नसता तर जाऊन येऊन हवेत १६ तास २७ मिनिटं लागली असती, वाऱ्यासकट लागतात १६ तास ३३. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, सुलट्यात कमी. सहाच मिनिटं, पण वारा कुठल्याही बाजूने वाहो, जाऊन-येऊन प्रवासात ती वाढतातच.

काकांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "म्हणून तर आम्ही रोज वाट बदलायचो. कधी दोनशे किमी लांबची वाट लवकर पोचवते." म्हणजे सगळ्यात कमी अंतराची वाट आणि सगळ्यात कमी वेळाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी. येताना जेट जिथे जोरात आहे तिकडे सरकायचं, जाताना त्याला टाळायचं.

९ नोव्हेंबर

वाऱ्याचा हिशोब देशातल्या उड्डाणांवर तपासला. मुंबई–कोलकाता उत्तम नमुना, कारण वाट जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम, साधारण १६६५ किमी. वारा न धरता पावणेतीन तास. हिवाळ्यात जाताना अडीच तासांच्या जरा पुढे, येताना तीनच्या जवळ, आणि वेळापत्रकातही तसंच दिसतं. मुंबई–दिल्ली दक्षिण-उत्तर, तिथे हाच वारा बराचसा बाजूने लागतो, म्हणून जाण्यायेण्यात फारसा फरक नाही.

पावसाळ्यात चित्र पालटतं. पश्चिमी जेट हिमालयाच्या पलीकडे सरकतं आणि आपल्या दक्षिणेवर, चौदा-सोळा किमी उंचीवर, उलटा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट येतो. हा उष्णकटिबंधीय पूर्वी जेट जगासमोर मांडला तो आपल्या हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी, १९५८च्या त्यांच्या निबंधात, पुढे ते खात्याचे महासंचालकही झाले. मान्सूनच्या अभ्यासात त्यांचं नाव पहिल्या रांगेत आहे आणि शाळेच्या पुस्तकात ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं. तो मुख्य वारा विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर असतो, तरी खालच्या थरातही त्याचा काही हिस्सा मिळतो.

तेव्हा कोडमध्ये महिना ही तिसरी माहिती झाली. शहर, शहर, महिना.

जाता जाता मुंबई–नागपूरचा पूर्ण हिशोबही करून टाकला, कारण हे खूप जण विचारतात. हवेतून ६८३ किमी, समृद्धी महामार्गाने ७०१ (५ जून २०२५ पासून इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमीचा तुकडाही खुला), रेल्वेने ८३७. रस्ता आणि आकाश यात अठराच किमीचा फरक म्हणजे कमाल आहे, अर्थात आमणे भिवंडीजवळ आहे, तिथपर्यंत मुंबईतून पोचायचं वेगळं. विमान दीड तास, पण घर ते विमानतळ, दोन तास आधी, उतरून बॅग, असं सगळं धरलं तर दारापासून दारापर्यंत साडेपाच-सहा तास. गाडीने आठ-नऊ. ठाणे-कल्याणच्या चार जणांच्या कुटुंबाने गाडी काढली तर मला ते अगदी बरोबर वाटतं.

१६ नोव्हेंबर

पान चालू झालं. मुंबई–लंडन टाकून डिसेंबर निवडलं की आता असं येतं:

सरळ अंतर ७२१३ किमी. भारतीय विमानाच्या सध्याच्या वाटेने सुमारे ७४२० किमी. मुंबईहून लंडन साडेनऊ ते साडेदहा तास. लंडनहून मुंबई साडेआठ ते साडेनऊ तास. लंडनचं घड्याळ साडेपाच तास मागे.

एका मैत्रिणीने विचारलं की एकच आकडा का देत नाहीस, लोकांना एकच हवा असतो. मी तिला म्हटलं, इन्सुलिनची वेळ ठरवणाऱ्याला तासाभराचा फरक आधीच माहीत असलेला बरा, म्हणजे तो बॅगेत खायला जास्तीचं ठेवतो. एकच आकडा मी देणार नाही. पल्ला देणार, आणि तो कशाने बदलतो ते खाली दोन ओळीत.

बाकी राहिलेलं: पाकिस्तानच्या बंदीची तारीख बदलली की सगळ्या उत्तर भारतातल्या जोड्या पुन्हा चालवायच्या, त्यासाठी एकच स्विच ठेवलाय. ए-३२० कुठे आणि ७८७ कुठे हे अजून अंतरावरून ठरवतेय, ते जोडीनुसार करायचं. आणि पुढची जोडी मुंबई–न्यूअर्क, कारण न्यू जर्सीवाल्यांचे मेसेज यायला लागलेत. पहिला आकडा काढलाय, १२५४७ किमी, आणि ती रेघ ६५ अंश उत्तरेपर्यंत वर जाते, आर्क्टिक वृत्ताच्या जरा खाली. तिथले वारे वेगळे, त्यांची माहिती गोळा करायला पुढच्या रविवारी काकांकडे जायचंय.